पंख्याकडून तिसरा

त्या गॅरेजला पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. गिऱ्हाइकं त्याला ‘कान आणि हात’ म्हणत. कान थोरल्या भावाचा, हात धाकट्याचे.

थोरल्याच्या कानाबद्दल काय सांगावं! एका गिऱ्हाइकाने फोनवर नुसतं ‘हॅलो’ म्हटलं, तर हा म्हणाला, “आधी मागे चालू ठेवलेली गाडी बंद करा, वाल्व जळतोय. आणि जमलं तर घसाही दाखवून घ्या.” गाडी गॅरेजात आली, घसा डॉक्टरकडे गेला, आणि दोन्ही निदानं बरोबर निघाली. धाकट्याचे हातही असे, की मधमाशीच्या पायातले बूट काढून, पॉलिश करून, ती उडायच्या आत परत चढवतील. एका हातात चहाचा कप धरून तो दुसरा हात इंजिनाच्या पोटात घालायचा आणि चहा निवायच्या आत गंजलेला प्लग बाहेर यायचा. खोटं वाटत असेल त्याने खुशाल अर्धं सोडून द्यावं. उरलेल्या अर्ध्यावरही गॅरेज तीस वर्षं चाललं होतं.

मग एका वकिलाची गाडी आली आणि सगळ्याचा विचका झाला.

काम साधं होतं, जुनं ऑइल काढून नवं भरायचं. भरलं. गाडी गेली. चौथ्या मैलावर चेंबरखालचा नट गळून पडला, ऑइल रस्त्यावर सांडलं आणि इंजिन जाम झालं. वकील काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याहून वाईट दोघे भाऊ एकमेकांना बोलले.

“नट तू आवळायचास.”

“मी वरून ऑइल ओतत होतो दादा, खाली तू होतास!”

“मी पाना तुझ्या हातात दिला होता.”

“दिला असतास तर माझा हात तो नट विसरला नसता.”

हे त्यांचं शेवटचं बोलणं. त्याला अकरा महिने झाले होते.

गॅरेज मात्र बंद झालं नाही, कारण पोट बोलणं सोडत नाही. दोघांनी वेळ वाटून घेतला. सकाळी उघडल्यापासून एकपर्यंत थोरला, दोनपासून अंधार पडेपर्यंत धाकटा. मधला एक तास रिकामा, तोंडासमोर तोंड येऊ नये म्हणून. आणि एक नियम ठरला, तोही बहिणीमार्फत निरोप पाठवून: निदान थोरल्याचं, काम धाकट्याचं. थोरल्याने गाडी ऐकायची आणि पुढच्या काचेवर खडूने लिहायचं. धाकट्याने लिहिलं असेल तेवढंच करायचं, एक आटाही जास्त फिरवायचा नाही. म्हणजे पुढच्या वेळी कुणाचं चुकलं ते उघड्यावर राहील.

नियम पोलादासारखा पाळला गेला. काचेवर सकाळी ‘ब्रेक लायनिंग’ असं लिहिलेलं असे, संध्याकाळी त्याखाली ‘झालं’. सुरुवातीला ‘झालं’च्या पुढे पूर्णविराम असायचा. पुढे तोही गेला.

गिऱ्हाइकंही एकेक करून जायला लागली. पूर्वी एका खेपेत होणारी गाडी आता चार-चार खेपा घालायची. बेकरीवाल्याची व्हॅन तर इतक्यांदा आली, की बेकरीवाला म्हणाला, “तिला इथेच दत्तक ठेवून घ्या, मी येऊन-जाऊन भेटत जाईन.” धाकट्याला वाटायचं, दादा मुद्दाम उलटंसुलटं लिहितोय. थोरल्याच्या मनात काय होतं ते धाकट्याला कळायला मार्ग नव्हता, आणि मार्ग असता तरी त्याने पाऊल टाकलं नसतं.

गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत ताई राहायची. दोघांहून मोठी. आई गेल्यावर दोघांची नाकं हिनेच पुसली होती आणि वडिलांच्या हाताखाली पानेही हिनेच दिले होते. बाराचा मागितला की बाराचा, डोळे मिटून. आता तिची मूत्रपिंडं थकली होती. आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, डोंगरावरच्या इस्पितळात तिला डायलिसिसला न्यावं लागे. वर मशीनं चारच होती. तिची वेळ सकाळी दहाची. वडिलांची जुनी गाडी तिघांच्या नावावर होती आणि धाकट्याच्या सकाळी रिकाम्या होत्या, म्हणून तोच न्यायचा.

नेमकी तीच गाडी चढाला मिसिंग करायला लागली.

सपाटीवर नावाला कुरकूर नाही. चढ लागला, पाय दाबला, की मात्र इंजिन तीनदा बोलायचं आणि चौथ्या वेळी नुसता श्वास सोडायचं, जिना चढताना दम लागलेल्या माणसासारखं. मग सगळी गाडी थरथरायची. ताई मागच्या सीटवरून म्हणायची, “हिलाही वर गेल्यावर एखाद्या मशीनला लावा रे.”

मंगळवारी, गुरुवारी थोरला ती जवळच्या चढावर फिरवून आणायचा. पहिल्या दिवशी काचेवर आलं: ‘तीन नंबर मिसिंग. प्लग बदल.’ धाकट्याने चार सिलिंडरांतल्या तीन नंबरचा प्लग बदलला. मिसिंग तसंच. दुसऱ्यांदा आलं: ‘तीनच. नवा प्लग खराब असेल. परत बदल.’ धाकट्याने दात खात परत बदलला. मिसिंग जागच्या जागी.

त्या सोमवारी गाडी तिसऱ्या वळणापुढे सरकलीच नाही. डायलिसिसची पाळी चुकली. इस्पितळातली बाई फोनवर कडक नव्हती, पण स्पष्ट होती. “एक चुकली, ठीक आहे. लागोपाठ दुसरी चुकली तर जागा ठेवता येत नाही हो. यादीत नऊ माणसं थांबली आहेत. बुधवारी साडेदहापर्यंत पेशंट आला नाही तर मशीन पुढच्याला, आणि मग ती जागा त्याचीच.”

मंगळवारी काचेवर तिसरी चिठ्ठी आली: ‘तीन. टॅपेट बघ. नीट.’

त्या ‘नीट’ने धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी त्याने झाकण उघडलं, तीन नंबरच्या टॅपेटच्या, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या दांड्याच्या, फटीत मापाची पातळ पट्टी सरकवली. माप बरोबर होतं. अगदी बरोबर. तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. पट्टी म्हणत होती सगळं ठीक आहे, आणि दादाचा कान म्हणत होता नाही. अकरा महिने ज्याचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्या कानावरचा विश्वास काही सुटला नव्हता. त्याने पट्टी बाजूला ठेवली, स्क्रू किंचित आवळला, फट कमी केली आणि काचेवर लिहिलं, ‘झालं’.

बुधवारी सकाळी तो ताईला घेऊन निघाला. तिचे पाय सुजून भोपळे झाले होते. पायात काही शिरेना, म्हणून तिने त्याच्याच जुन्या सपाता घातल्या होत्या.

“तुझ्या सपातांना वास येतो बारक्या.”

“तुझ्यासाठी म्हणून धुतल्या होत्या.”

“मग धुवायच्या आधी काय होतं, बाई!” एवढं बोलूनही तिला धाप लागली. तिने डोकं मागे टेकवलं.

दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. धाकट्याने मनातल्या मनात तिसऱ्या वळणाला वाकुल्या दाखवल्या. चौथ्यानंतर इंजिन असं धापा टाकायला लागलं की आता एक नाही, दोन सिलिंडर रुसले होते. पाचव्या वळणावर गाडीने शेवटचा आचका दिला आणि उभी राहिली. धाकट्याने खाली उतरून चाकांमागे दगड लावले. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. इस्पितळ अजून वीस मिनिटांवर होतं.

त्याने बॉनेट उघडलं तोच खालून दुधाचा टेम्पो आला आणि थांबला.

“काय झालं?” ड्रायव्हरने मान बाहेर काढली. “वर इस्पितळात का? बाईंना सोडतो की. पुढे जागा आहे.”

“दहा मिनिटांचं काम आहे,” धाकटा म्हणाला.

ताईने काच खाली केली. “जाते मी ह्यांच्याबरोबर. कॅनशेजारी बसायला मला कसली लाज?”

“ताई, बस तू. आत्ता होतं.”

“बघा बुवा,” ड्रायव्हर म्हणाला. तो थोडा वेळ थांबला. धाकट्याने वर पाहिलंच नाही. टेम्पो निघून गेला.

का नाही म्हणालो, हे धाकट्याला त्या क्षणीही माहीत होतं. ज्याच्या हाताची गावभर तारीफ, त्याची बहीण दुधाच्या टेम्पोतून इस्पितळात उतरणार, आणि ते दादाच्या कानावर जाणार. एवढंच. माणूस कशासाठी काय पणाला लावतो, हे त्याचं त्यालासुद्धा मोठ्याने म्हणवत नाही.

त्याने गाडी चालू केली. अडखळत का होईना, उभ्या जागी ती फिरत होती. त्याने अकरा महिन्यांचा नियम मोडला आणि निदान स्वतःच करायला घेतलं. रीत जगजाहीर आहे: चालू इंजिनावर एकेका प्लगची टोपी उपटायची. चांगल्या सिलिंडरची उपटली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची उपटली तर त्याला पत्ताही लागत नाही.

पहिली उपटली. इंजिन लंगडलं. परत बसवली. दुसरी उपटली, आणि काही म्हणजे काहीच झालं नाही.

तिसरी उपटली. इंजिन थोडंसं लंगडलं. अर्धं जिवंत होतं ते. चौथी ठीक.

“दोन!” तो ओरडला. “ताई, दोन नंबर मेलाय! आणि तो मला तीन वेळा तीन लिहितो! चांगल्या तीनचे मी दोन प्लग फेकले, चांगल्या तीनचे टॅपेट बिघडवले! मुद्दाम करतोय तो. तुझा जीव गेला तरी चालेल, पण ह्याचे हात बदनाम झाले पाहिजेत!”

“तो पंख्याकडून मोजतो,” ताई म्हणाली.

“काय?”

“दाद्या पुढून, पंख्याकडून मोजतो. बाबा तसंच मोजायचे. तू मागून, गिअरबॉक्सकडून मोजतोस. तू त्या व्हॅनवाल्या उस्तादाकडे शिकलास ना, तिथे इंजिन सीटखाली असायचं, आतून उघडायचं. गिअरबॉक्स जवळ यायचा, म्हणून तिकडून एक, दोन, तीन.” ती दम घ्यायला थांबली. “त्याचा तीन तो तुझा दोन.”

धाकटा टोपी हातात धरून उभा राहिला. तीस वर्षं हे कधी कळलं नव्हतं, कारण कळायची गरजच पडली नव्हती. दादा म्हणायचा, “हा बघ रे,” आणि बोट ठेवायचा. बोटाला नंबर लागत नाही.

मग त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि उन्हात उभा असून तो गार पडला.

“तुला हे माहीत होतं?”

“दुसऱ्या चिठ्ठीपासून. गाडी माझ्या खिडकीखालीच असते. काच वाचता येते आणि तुझा हात कुठे जातो तेही दिसतं.”

“आणि तू बोलली नाहीस?”

“अकरा महिने मीच तर बोलतेय,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “ह्याचा निरोप त्याला, त्याचा निरोप ह्याला. मला वाटलं, आता गाडीच बोलायला लावील. एवढं मिसिंग झाल्यावर एक जण तरी दुसऱ्याच्या वेळेत येईल आणि विचारेल, अरे बाबा, कुठला तीन? दोन शब्द. जास्त कुठे मागत होते?”

“सोमवारी डायलिसिसची पाळी चुकली तेव्हा तरी!”

“सोमवारी तर मला खात्रीच वाटली. म्हटलं, आज बोलतात. दाद्या खाली होता, तू जिन्यात होतास. मधे बारा पायऱ्या.” ती ओशाळून हसली. “मग काल सकाळी त्याच्या खडूचा आवाज आला, आणि संध्याकाळी तुझ्या.”

धाकट्याने टोपी परत बसवली. त्याने गाडी बंद केली आणि कामाला लागला. दादाचा तीन, त्याचा दोन, तो प्लग काढला. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर होती. जोर पडला की ठिणगी तिथून निसटत होती. नवा बसवला. मग झाकण उघडलं आणि काल आवळलेला टॅपेट परत मापात आणायला बसला. इंजिन तापलेलं. बोटांना फोड येत होते, झाकणाचे नट हातातून निसटत होते, त्यातला एक खाली गवतात गेला आणि मधमाशीला बूट घालणारे ते हात गवतात आंधळ्यासारखे चाचपडत राहिले. ताई मागे डोळे मिटून पडली होती. दर दोन मिनिटांनी तो तिच्या छातीकडे बघायचा.

झाकण बसलं तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आणि गाडी अशी चालली म्हणता! चढ तिच्यापुढे लोळण घेत होता. बॉनेटवर दुधाचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता. वडील असते तर गाडी थांबवून त्यांनी तिचा मुका घेतला असता. धाकट्याला तो आवाज सहन होत नव्हता.

वर पोचला तेव्हा दहा चाळीस झाले होते. डायलिसिसच्या खोलीत चारही खुर्च्या भरलेल्या होत्या. ताईच्या खुर्चीत एक उंच, वाळका म्हातारा होता, हातात दोन नळ्या, मांडीवर वर्तमानपत्र. त्याने ताईकडे पाहिलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

“दोन मिनिटांपूर्वी लावलं,” बाई म्हणाली. “साडेदहानंतर आठ मिनिटं मी थांबवून धरलं होतं. आता काढता येत नाही.”

“दुपारी? संध्याकाळी?” धाकट्याने काळे हात पाठीमागे लपवले.

“चार मशीनं आहेत भाऊ.” तिने यादी उघडली, ताईचं नाव खाली लिहिलं, नववं. मग एका कागदावर पत्ता लिहून दिला. “खाली, सहा तासांवर, मोठं इस्पितळ आहे. तिथे जागा होईल असं ऐकलंय. नक्की नाही. पण आजच निघा. ह्यांना आणखी थांबवू नका.”

दुसरा रस्ता नव्हता. त्या इस्पितळाला जायचं तर गॅरेजवरूनच जावं लागे. बारा वाजता, थोरल्याच्या वेळेत, धाकट्याने गाडी गॅरेजात घातली.

थोरला पाठमोरा होता, एका इंजिनावर वाकलेला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. वडिलांची गाडी आत आली आणि त्याचे खांदे सैल पडले. त्याने ऐकलं होतं. गाडी ठीक झाली, एवढं त्याला कळलं होतं, आणि त्याच्या पाठीवरून धाकट्याला दिसलं की दादाला आनंद झालाय.

“जागा गेली,” धाकटा म्हणाला.

थोरला वळला. आपल्याशीच बोललाय का, याची खात्री करायला त्याने मागे बघितलं.

“ताईची. दहा मिनिटांनी गेली.”

“गाडी तर…” थोरल्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “गाडी तर नीट आहे.”

“आत्ता आहे. तुझा तीन होता. माझा दोन. मी मागून मोजतो.”

थोरल्याचे ओठ हलले. तो मोजत होता, पण सिलिंडर नाही. बेकरीवाल्याची व्हॅन, गाणं शिकवणाऱ्या बाईंची गाडी, डॉक्टरची, तोंड फिरवून गेलेलं एकेक गिऱ्हाईक.

“मला वाटलं तू लिहिलेलं काम मुद्दाम टाळतोस,” तो म्हणाला. “मी लिहायचो आणि तू मुद्दाम…”

“मलाही तेच वाटायचं.”

“विचारायचंस.”

“तू विचारायचंस!”

“वेळ माझी, गॅरेज उघडं, तुला यायला काय झालं होतं?”

“आणि तुला थांबायला?”

आवाज चढले. नट निघाला, वकील निघाला, अकरा महिने कोंडलेलं सगळं एकमेकांच्या अंगावर पडायला लागलं. आणि मग दोघेही एकदम थांबले, कारण गाडीतून ताईच्या श्वासाचा आवाज येत होता. तो ऐकायला थोरल्याचा कान लागत नव्हता.

थोरला गाडीशी गेला. ताईचा चेहरा फुगला होता, डोळे बारीक झाले होते. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “बोला की. मी झोपलेली नाही.”

त्याने धाकट्याच्या हातातून कागद घेतला, वाचला, परत वाचला.

“सहा तास,” तो म्हणाला.

“मधे दोन चढ आहेत,” धाकटा म्हणाला. “तुला काय वाटतं, गाडी जाईल?”

थोरल्याने बॉनेटवर हात ठेवला, डोकं कलवलं आणि डोळे मिटले. असा धाकटा दादाच्या तोंडाकडे किती दिवसांनी बघत होता.

“गाडी जाईल,” थोरला म्हणाला. “गाडीची काळजी नको.”

दोघे पुढे बसले, थोरल्याने कागद मांडीवर धरला, धाकट्याने गिअर टाकला. रस्ताभर ते गाडीबद्दल बोलत राहिले, हिला अजून किती वर्षं काढता येतील त्याबद्दल, आणि एक जणही मागे वळून बघायला धजला नाही.